केस पुढे गेले, गंगावन मागे राहिलं

गंगावन वापरणाऱ्या पिढीला रंग जुळवायची फारशी चिंता नव्हती. अंबाडा नाहीतर खोपा घालायचा, गंगावन आत दडवायचं, आपले केस वरून फिरवायचे आणि गजरा माळायचा. पूर्वी त्यासाठी याकच्या शेपटीचे केस वापरत. देवावर ढाळायची पांढरी चवरी ज्या जनावराची, त्याच्याच काळ्या केसांचं हे गंगावन. ते काळं असलं की भागत असे. क्लिप-इन एक्स्टेन्शनला, म्हणजे क्लिपने अडकवायच्या केसांच्या पट्ट्यांच्या सेटला, ही सवलत नाही. ते मोकळ्या केसांत लावायचं, पाठीवर रुळू द्यायचं, आणि मागच्या खुर्चीत बसलेल्या मावशींना सांध्यावर नजर रोखायला भरपूर वेळ असतो.

शिवाय सेट एकदा घेतला की सणासमारंभाला लावत काही वर्षं वापरायचा असतो. डोक्यावरचे केस तोवर आहेत तिथेच थांबत नाहीत. उन्हाने उतरतात, मेंदीने लालसर होतात, डाय धुतला जातो, मुळाशी पांढरं दिसू लागतं. म्हणून ‘माझी शेड कोणती?’ हा प्रश्न अपुराच. डोक्याच्या कोणत्या भागाची, मेंदीनंतर कितव्या दिवसाची, कोणत्या उजेडातली, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. एक अचूक शेड शोधत दुकानं पालथी घालण्यापेक्षा, पुढे एकेक पट्टी बदलता येईल असा सेट घेणं जास्त शहाणपणाचं आहे.

आधी भागाचं बघू. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब केसांची टोकं किमान तीन वर्षांपूर्वी टाळूबाहेर आलेली असतात. तीन उन्हाळे त्यांनी पाहिलेले असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी केसातलं मेलॅनिन हळूहळू मोडतं आणि काळे केस टोकाकडे तपकिरी, थोडे तांबूस होत जातात. खिडकीशी उभं राहून एकाच बटेचं मूळ आणि टोक शेजारी धरलं की हा फरक दिसतो. ‘माझे केस काळेभोर आहेत’ असं म्हणणाऱ्या बहुतेकींची टोकं त्या उजेडात काळीभोर नसतात.

एक्स्टेन्शनची पट्टी टाळूजवळ लागते, पण तिचे केस उघडे पडतात ते कानाखाली, आपल्या केसांच्या मधल्या आणि शेवटच्या भागाशेजारी. म्हणून जुळवायचं ते मधल्या भागाशी आणि टोकांशी. पार्लरमध्ये नेमकं उलटं होतं. समोरून, भांगाजवळची बट हाताला पटकन लागते, तिच्यावर नमुना धरला जातो, आणि सेट एका शेडने गडद येतो. आरशात समोरून सगळं ठीक दिसतं. पाठमोऱ्या फोटोत खांद्याखाली एकदम काळा पट्टा सुरू होतो.

नमुना बघायच्या दिवशी केस शाम्पूने धुतलेले, पूर्ण वाळलेले, तेल आणि सीरमशिवाय असावेत. तेलाने केस निदान अर्ध्या शेडने गडद दिसतात. ओल्या केसांचं तर विचारूच नये. डोक्याच्या मागच्या भागातून, मानेच्या थोडं वरून, पेन्सिलीएवढी बट घ्यावी, खांद्यावरून पुढे आणावी आणि नमुन्याचे केस तिच्या शेजारी न धरता तिच्यात मिसळून पीळ द्यावा. हात लांब करून बघितल्यावर कोणते आपले आणि कोणते आणलेले हे सांगता आलं नाही, तर जुळलं. शेजारी धरून बघितलं की डोळा फरक शोधत बसतो, आणि जो फरक प्रत्यक्ष वापरात कधीच दिसणार नाही त्यासाठी चांगला सेट नाकारला जातो.

उजेड दिवसाचा हवा, पण थेट ऊन नको. सकाळी दहा ते दुपारी चार, खिडकीजवळ. खांद्यावर पांढरा किंवा राखाडी टॉवेल टाकावा. मरून कुर्ता घालून बसलं तर त्याचीच लाली केसांवर पडते. मग तोच पीळ ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली बघायचा. हे वेळखाऊ वाटतं, पण त्याला कारण आहे. नैसर्गिक केसांचा काळेपणा मेलॅनिनचा असतो, तर रंगवलेल्या एक्स्टेन्शनचा काळेपणा तीन-चार रंगद्रव्यांच्या मिश्रणाचा. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली दोन्ही एकसारखे दिसतात. हॉलमधल्या पिवळ्या प्रकाशात मिश्रणातलं लाल पुढे येतं आणि जोडी फुटते. मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढावा. रंगवलेल्या काळ्यातली लाली तो चटकन उघडी पाडतो. तिन्ही उजेडांत जमणारी शेड मिळाली नाही, तर जिथे सेट जास्त वापरला जाणार तिथला उजेड खरा मानावा. रोजच्या ऑफिससाठी ट्यूब, रिसेप्शनसाठी पिवळा दिवा.

फोटो पाठवून शेड ठरवणारे विक्रेते बरेच आहेत. पाठवायचाच तर फ्रेममध्ये कोरा पांढरा कागद धरावा, ब्यूटी फिल्टर बंद करावा आणि मागच्या केसांचा फोटो खिडकीजवळ दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावा. तरीही सेटआधी नमुन्याची बट मागवावी. उघडलेला सेट स्वच्छतेच्या कारणाने सहसा परत घेत नाहीत.

आता आकडे, कारण घोटाळा तिथेच होतो. एक्स्टेन्शनच्या व्यापारात १ म्हणजे जेट ब्लॅक, १बी म्हणजे किंचित मवाळ, नैसर्गिक काळा, २ म्हणजे सर्वांत गडद तपकिरी, ४ चॉकलेटी, ३३ गडद तांबूस, ९९जे वाइनसारखा लाल आणि ६१३ फिकट सोनेरी. पार्लरच्या हेअर कलरचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवर चालतात. तिथे १ काळा, १० सर्वांत उजळ, आणि टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. ‘मी ४ नंबर लावते’ म्हणून ४ नंबरचा सेट मागवणं ही हमखास फसगत.

आपल्याकडच्या न रंगवलेल्या केसांना बहुतेक वेळा १बी ते २ यांमधलं काहीतरी लागतं. १ नंबरमध्ये निळसर झाक असते. वर्षानुवर्षं काळा डाय लावणाऱ्यांच्याच केसांशी तो जुळतो. दोन शेडमध्ये अडकल्यास उजळ बाजूची घ्यावी. माणसाच्या केसांचा सेट पुढे अर्ध्या शेडने गडद करणं सोपं आहे, उजळ करणं जवळजवळ अशक्य. रंगावर रंग चढवून रंग उतरत नाही. तो उतरवायला ब्लीच लागतं, आणि कारखान्यात एकदा रसायनांतून गेलेले केस ब्लीचने खडखडीत होऊन तुटतात.

सेट कशाचा आहे यावर रंगाचं निम्मं भवितव्य ठरतं. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडण करतात, तिथले केस देवस्थान लिलावाने विकतं. असे एका वेळी एका डोक्यावरून उतरलेले, मुळं एका बाजूला ठेवून बांधलेले केस म्हणजे व्यापारातला ‘रेमी’. केसावरचे सूक्ष्म खवले सगळे एकाच दिशेला असतात, गुंता कमी होतो, रंग धरून राहतो. दुसरा माल गुंतवळाचा. विंचरताना निघालेले केस गोळा करून ठेवले की त्यांच्या बदल्यात भांडी किंवा फुगे देणारे फेरीवाले येतात. ते केस पुढे मोठ्या व्यापाऱ्यांकडे जातात. त्यात मूळ कुठे आणि टोक कुठे याचा पत्ता नसतो, म्हणून आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात, रंगवतात आणि सिलिकॉनचा थर देतात. नवा असताना हा सेट रेमीपेक्षा जास्त चमकतो. काही धुण्यांनंतर थर जातो, आणि खवले नसल्यामुळे रंगही निसटू लागतो. पारख साधी आहे: बट चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं फिरवावीत. किंचित खरखर लागली तर खवले जागेवर आहेत. दोन्ही दिशांनी सारखंच गुळगुळीत लागलं, तर तो थर बोलतो आहे.

म्हणून नवा सेट आधी एकदा सौम्य शाम्पूने धुवावा, वाळवावा आणि मगच शेडबद्दल मत बनवावं. पाकिटातून काढल्या क्षणी दिसतो तो त्याचा सणाचा रंग.

साधारण सेट सात पट्ट्यांचा असतो. एक चार क्लिपची, दोन तीन क्लिपच्या, दोन दोन क्लिपच्या, दोन एक क्लिपच्या, मिळून सोळा क्लिप. वजन १२० ते १६० ग्रॅम; दाट केसांना दोनशेच्या आसपास लागतं. रंगाच्या दृष्टीने ही विभागणी फार उपयोगी आहे, आणि तिचा फायदा क्वचितच कुणी घेतं. मानेवरचे केस वरच्या केसांखाली झाकलेले, उन्हापासून वाचलेले, म्हणून सर्वांत गडद असतात. वरचा थर आणि चेहऱ्याजवळचे केस सर्वांत उजळ. तेव्हा १बीचा १२० ग्रॅमचा सेट आणि २ नंबरच्या सुट्या पट्ट्या ४० ते ६० ग्रॅम घ्याव्यात. १बीच्या रुंद पट्ट्या मानेजवळ आणि कानाच्या रेषेत, २ नंबरच्या त्यांच्या वर आणि बाजूंना. उन्हाळ्यानंतर केस उतरले तर २ नंबरच्या वाढवायच्या, नवे केस आले आणि टोकं कापली की कमी करायच्या. अख्खा सेट बदलायचा खर्च वाचतो. एकाच शेडच्या सात पट्ट्यांपेक्षा हे खरंही दिसतं, कारण कुणाचंच डोकं एका रंगाचं नसतं.

पांढऱ्या केसांकडे वळताना पहिली गोष्ट: करडा असा केसाचा रंग बहुधा नसतोच. पांढरा केस आणि काळा केस शेजारीशेजारी असतात, आणि लांबून डोळा त्यांचा करडा करतो. म्हणून सरसकट करड्या रंगात बुडवलेला सेट पिकू लागलेल्या केसांत सपाट आणि मेलेला दिसतो. मिसळणच लागते, आणि तिचं प्रमाण मोजावं लागतं.

मोजायचं असं. चार ठिकाणांहून शंभरेक केसांची बट घ्यायची: कानशिल, टाळू, कानामागे, मानेवर. गडद कापडावर पसरून पांढरे मोजायचे. सर्वसाधारणपणे कानशिलं आधी पिकतात, मग टाळू, आणि डोक्याचा मागचा भाग सगळ्यांत शेवटी. एकाच डोक्यावर कानशिलाशी ४० आणि मानेवर ५ असे आकडे सहज येतात. आरशात रोज दिसतं कानशिल, म्हणून बाई करडा सेट शोधू लागते; पण सेट लागणार मागे, जिथे पांढरं अजून पोचलेलंच नाही. सेटसाठी कानामागचा आणि मानेवरचा आकडा धरायचा. तो १० ते १५ च्या आत असेल तर साधा गडद सेट चालतो. कानशिलाचे पांढरे केस वरून येऊन त्याच्यावर पसरतात आणि मिसळण आपोआप होते. २० ते ४० मध्ये मिश्र पट्ट्या लागतात. निम्म्याच्या वर गेलं की हिशोब उलटा करायचा: मूळ सेट चंदेरी आणि त्यात गडद धागे.

मिश्र केस बाजारात मिळतात ते मुख्यतः पुरुषांच्या हेअर पॅचसाठी आणि टॉपरसाठी, म्हणजे विरळ टाळू झाकायच्या केसांच्या तुकड्यांसाठी. तिथे शेडपुढे पांढऱ्यांचं प्रमाण लिहितात. १बी२० म्हणजे १बीमध्ये शंभरात २० पांढरे. क्लिप-इनच्या तयार सेटमध्ये हे कमी मिळतं, पण पॅच बनवणारे कारागीर मागणीप्रमाणे पट्टी करून देतात. घेताना एक विचारावं: पांढरा धागा कशाचा? पुरेसे लांब, खरे पांढरे केस गोळा होणं कठीण, आणि काळे केस ब्लीच करून पांढरे केले तर ते पिवळे पडतात. म्हणून तिथे बऱ्याचदा कृत्रिम धागा किंवा याकचा केस वापरतात. गंगावनाचं जनावर असं मागच्या दाराने पुन्हा हजर होतं. कृत्रिम धागा डाय घेत नाही आणि गरम इस्त्रीखाली वितळतो. एक धागा उपटून बशीत जाळून बघावा. खरा केस जळक्या केसांचा वास देतो आणि राख बोटाने चुरडली जाते. कृत्रिम आक्रसतो आणि त्याची टणक गुठळी होते. गुठळी झाली तर पाकिटावर लिहिलेल्या तापमानापलीकडे जायचं नाही, मग बाकीचे केस कितीही अस्सल असोत.

घरी करायचं असेल तर गणित सोपं आहे. १२० ग्रॅम गडद अधिक ४० ग्रॅम चंदेरी म्हणजे १६० मध्ये ४०, पंचवीस टक्के. अडचण इतकीच की चंदेरी पट्टी तशीच लावली तर पांढरा पट्टा दिसतो. ती २–३ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून गडद पट्ट्यांच्या मागच्या बाजूला थोड्या थोड्या अंतराने सुईदोऱ्याने टाचावी, म्हणजे केस एकमेकांतून खाली येतात. कापलेल्या कडेला कापडाच्या गोंदाचा थेंब द्यावा. मशीनची शिवण तिथे उसवते आणि केस गळू लागतात. पांढरे केस पुष्कळदा अधिक राठ असतात, तेव्हा नव्या चंदेरी पट्टीची चकाकीही खटकते. एकदोनदा धुतली किंवा किंचित ड्राय शाम्पू मारला की ती निवळते.

आता डाय सोडून केस पांढरे होऊ द्यायचं ठरवलेल्यांचा प्रश्न, जो हल्ली फार ऐकू येतो. इथे बहुतेकजणी चंदेरी सेट फार लवकर घेतात. वर्षाला केस १२ ते १५ सेंटिमीटर वाढतात. पहिल्या वर्षभरात पांढरं असतं ते मुळाकडे. कानाखाली अजून जुना, धुतला जाऊन तांबूस झालेला डायच आहे. आणि सेट जुळायचा तो कानाखाली. म्हणून पहिल्या वर्षी सेटमध्ये पांढरं नको, उलट पूर्वीपेक्षा अर्धी शेड उजळ आणि उबदार तपकिरी हवा. दुसऱ्या वर्षी पांढरं खांद्याकडे पोचतं, तेव्हा चंदेरी तुकडे टाचायला सुरुवात. याच सुमारास अनेकजणी केस खांद्यापर्यंत कापून टाकतात. कापल्या दिवसापासून टोकं पांढरी, आणि सेट एका झटक्यात बदलावा लागतो. कात्री आधी, खरेदी नंतर.

मुळांची एक भानगड वेगळी आहे. टचअप लांबला की भांगाशी पांढरी रेघ येते, आणि पट्टी भांगाला फार जवळ लावलेली असेल तर पांढऱ्या मुळांखालून एकदम काळी शिवण डोकावते. नेहमी २–३ सेंटिमीटर अंतर पुरतं. पांढरी मुळं असताना ४–५ सेंटिमीटर झाकण ठेवावं आणि भांगावर रूट पावडर लावावी. सेटला दोष देण्यात अर्थ नसतो.

मेंदीवाल्या केसांशी जुळवणं ही खरी परीक्षा. मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिनला चिकटतं आणि पुढचे दोन-तीन दिवस हवेने गडद होत राहतं. मेंदी धुतल्या दिवशी पांढरे केस भडक नारिंगी असतात, चौथ्या दिवशी तांबूस तपकिरी. तेव्हा जुळवायचं चौथ्या दिवसानंतर, एकदोनदा धुऊन. काळ्या केसांवर मेंदीचा रंग सावलीत दिसतच नाही, उन्हात मात्र लाल ठिणगी उठते. म्हणून इथे अपवादाने थेट उन्हातही बघावं. साधा १बी सावलीत हुबेहूब जुळतो आणि लॉनवरच्या लग्नात बाहेर येताच काळाठिक्कर पडतो. २ नंबरचा सेट आणि त्यात ३३ च्या एक क्लिपच्या दोन-तीन पट्ट्या, वरच्या थराखाली, ही जोडी बहुतेक वेळा जमते. ९९जेकडे वळू नये. त्याची लाली जांभळ्याकडे झुकते, मेंदीची नारिंगीकडे.

सेटलाच मेंदी लावावी का? रेमी, न रंगवलेल्या केसांना ती चढते, पण आमचं मत नकाराकडे आहे. चोथा शिवणीत अडकतो, कितीही धुतला तरी विंचरताना पडत राहतो. सिलिकॉनचा थर असेल तर डाग-डाग चढते. आणि बाजारातल्या सगळ्या ‘मेंदी’त नुसती मेंदी नसते. काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी हेच डायमधलं रसायन असतं, आणि काही मिश्रणांत धातूंचे क्षार. अशा क्षारांवर पुढे कधी पेरॉक्साइडचा रंग लावला तर केस तापतात, वाफा येतात, तुकडे पडतात. केसांना लावायची नीळ (इंडिगोची पूड) तर प्रक्रिया केलेल्या फिकट केसांवर एकटी लावूच नये, हिरवट होते.

सेट रंगवायचाच असेल तर डेमी-परमनंट (हळूहळू धुऊन जाणारा) क्रीम रंग आणि १.९ किंवा ३ टक्क्यांचा डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड; त्याहून तीव्र नाही. डोक्याला लावून उरलेला रंग सेटला फासणं हा मोह टाळावा, त्यात बहुधा ६ टक्क्यांचा डेव्हलपर असतो. आधी खोलवर स्वच्छ करणाऱ्या शाम्पूने धुऊन सिलिकॉन काढायचं, कंडिशनर न लावता पूर्ण वाळवायचं. एक क्लिपची एक पट्टी चाचणीला घ्यायची. रंग हव्या त्या शेडपेक्षा एक पायरी उजळ निवडायचा, कारण सच्छिद्र झालेले केस रंग अधाशासारखा पितात. १२० ग्रॅमच्या सेटला साधारण ६० ग्रॅम क्रीम पुरतं. डेव्हलपर दीडपट की दुप्पट ते त्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. पट्ट्या टेबलावर फॉइलवर सपाट पसरायच्या, शिवणीला आणि क्लिपांना व्हॅसलीन लावायचं, रंग शिवणीपासून एक सेंटिमीटर दूर थांबवायचा. पेरॉक्साइडने क्लिपची स्प्रिंग गंजते.

मग घड्याळ. दर पाच मिनिटांनी दोन-चार केस टिशूने पुसून, ड्रायरने वाळवून बघायचे. ओला रंग नेहमी खोटं सांगतो. बहुतेक वेळा दहा ते पंधरा मिनिटांत हवी ती शेड येते, डोक्याला लागतात तेवढी तीस-पस्तीस नाही. गार पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. रंगाचा अंश राहिला तर मानेला आणि पांढऱ्या ब्लाउजला लागतो, आणि डायची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला पुरळही येतं. डोक्यावर लावलेल्या अवस्थेत सेट कधीही रंगवू नये.

बिघडतं कसं, तेही कळून ठेवावं. ठिपके-ठिपके चढला, तर सिलिकॉन निघालं नव्हतं. हिरवट झाला, तर पिवळसर केसांवर अ‍ॅश, म्हणजे राखेसारख्या थंड झाकीचा रंग गेला. सोनेरी सेट थेट काळ्या-तपकिरीवर नेताना आधी लाल-तांबूस भरण द्यावं लागतं, कारण नैसर्गिक गडद केसांच्या पोटात ती लाली असतेच आणि या केसांतून ती ब्लीचने काढून टाकलेली असते. भरण चुकवलं की चिखलासारखा रंग येतो आणि दोन धुण्यांत निघून जातो. एकदम जास्त काळा झाला तर उपाय नाही. तो सेट मानेजवळच्या खालच्या थराला ठेवायचा.

इतकं जुळवल्यावर सेट स्वतःही सरकतो, हे विसरायला होतं. कारखान्याचा काळा उन्हाने तांबूस होतो, इस्त्रीच्या उष्णतेने रंग उतरतो, चंदेरी पिवळं पडतं. त्याला टाळूचं तेल मिळत नाही, नवे केस येत नाहीत, उतरलेलं उतरतंच. बोअरच्या जड पाण्यात धुतला तर क्षारांचा थर बसून निस्तेज होतो, तेव्हा शेवटचं पाणी फिल्टरचं घ्यावं, एवढा एक तांब्या परवडतो. वापर पंधरा-वीस वेळा झाल्यावरच धुवावा. पिवळ्या चंदेरीला जांभळा शाम्पू दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त ठेवला तर फिकट जांभळी झाक चढते. इस्त्री १५० ते १८० अंशांच्या आत. ठेवायचा सुती पिशवीत, कपाटात. ड्रेसिंग टेबलवर स्टँडला लटकवलेला सेट खिडकीच्या उजेडात एका बाजूने उतरतो आणि मग त्याची डावी आणि उजवी बाजूही एकमेकींशी जुळत नाही.

सगळ्या समारंभांना सारखी काटेकोर जुळणी लागत नाही, हेही ध्यानात घ्यावं. नऊवारीवर अंबाडा असेल तर १बी काय आणि २ काय, आत काहीही चालतं. वेणीत दोन शेड गुंफल्या की हायलाइटसारख्या दिसतात. कुरळे केल्यावर सावल्या पडतात आणि अर्ध्या शेडचा फरक लपतो. सरळ, मोकळे, मागून प्रकाश पडणारे केस मात्र काहीही माफ करत नाहीत. लग्नात मुहूर्ताला अंबाडा आणि रिसेप्शनला मोकळे केस असतील, तर सगळी मेहनत रिसेप्शनच्या हिशोबाने करावी. वेळापत्रक मागून मोजायचं: आठ-दहा दिवस आधी डोक्याचा रंग, त्यानंतर दोनदा धुणं, मग सेटची शेवटची तपासणी आणि गरज पडली तर सेट रंगवणं. आधी डोकं, नंतर सेट. कारण ताजा रंग पहिल्या दोन धुण्यांत जितका उतरतो तितका नंतर पुष्कळ दिवसांत उतरत नाही.

ज्या नियमितपणे डाय करतातच, त्यांच्यासाठी एक सोपा रस्ता आहे. सेटला डोक्यामागे धावायला लावण्याऐवजी एक क्लिपची पट्टी घेऊन पार्लरमध्ये जावं आणि रंगवणारीला ‘याला जुळवा’ म्हणावं. तिच्याकडे शेडकार्ड आहे, झाकी आहेत, आणि जिवंत केस ती दोन्ही दिशांना हलवू शकते. सेट हलतो फक्त गडद दिशेला. न्यायची पट्टी मात्र आत्ताची, वापरून उतरलेली असावी. एक क्लिपच्या दोन पट्ट्या येतात, त्यांतली एक चाचणीसाठी खर्ची पडते. दुसरीतून बोटभर बट कापून जाड पांढऱ्या कागदावर टेपने चिकटवावी, शेड, विक्रेता आणि महिना लिहावा आणि कागद पाकिटात बंद करून ठेवावा. एकाच आकड्याचे दोन वर्षांनी आलेले दोन लॉट एकसारखे निघतीलच असं नाही. नवा सेट मागवताना आकड्यासोबत तीच बट पाठवावी.